एकोजी भाऊजींची डावी दाढ

सोमवार, १४ फेब्रुवारी १९९४

पुन्नैनल्लूरची मारियम्मन प्रसन्न.

ही माझी हिशेबाची वही. पुढून हिशेब चालतो तसाच चालेल, आजपासून मागच्या बाजूने हे लिहिणार. कोरी पानं फुकट का घालवायची? आणि भीती कुणाची नाही. माझे वडील इथल्या, तंजावरच्या, सरस्वती महाल ग्रंथालयात जुनी बाडं उतरवून काढायचे, त्यांनी मला देवनागरी शिकवली. आमचे हे तमिळ आणि इंग्रजी वाचतात, मराठी नुसती बोलतात. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, आता अक्षर दिसत नाही. तेव्हा मनात येईल ते लिहिते.

आज मी नोकरीला लागले! त्रेचाळिसाव्या वर्षी!

दोन घरं सोडून डॉक्टर नटराज यांचा दातांचा दवाखाना आहे. त्यांनी नवं जपानी एक्स-रे यंत्र आणलं. बाहेरचा माल आता सहज येतो म्हणे. यंत्र आलं आणि मदतनीस बाई गेली, तिने एस.टी.डी. बूथ टाकला. मागच्या आठवड्यात डॉक्टर आत्याबाईंना कवळी बसवा म्हणून सांगायला घरी आले होते. (आत्याबाई म्हणाल्या, "मेलेल्या माणसाचे दात माझ्या तोंडात नकोत." कितीही सांगा.) तेव्हा त्यांची नजर माझ्या फळीवर गेली. एकेका डब्यावर चिठ्ठी, एकेक झाकण जागच्या जागी. म्हणाले, "अम्मा, माझ्या फिल्म्स अशा लावून द्याल का? सकाळी दोन तास."

मी म्हटलं, "डॉक्टर, मी नुसती मॅट्रिक आहे."

"दातांना तेवढंही शिक्षण नसतं, अम्मा."

काम सुरेख आहे. फिल्म केवढी, तर पोस्टाच्या तिकिटाहून थोडी मोठी. औषधाच्या पाण्यात बुडवायची, मग दुसऱ्या औषधात, मग साध्या पाण्यात, मग चिमट्याला वाळत घालायची, लहान मुलाच्या झबल्यासारखी. वाळली की पुठ्ठ्याच्या खिडकीत चिकटवायची आणि वर नाव, वरची की खालची, उजवी की डावी, ते इंग्रजीत लिहायचं. जुन्या फिल्म्स मात्र बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कागदाच्या पाकिटांत नुसत्या कोंबलेल्या. त्या सगळ्या मला लावायच्या आहेत.

पहिल्या दिवशी पहिलं नाव परक्याचं कसं लिहायचं? आमच्या घरी कुठल्याही कामाचा पहिला मान थोरल्यांचा. डबा चाळता चाळता थोरल्या भाऊजींचं, एकोजी भाऊजींचं, पाकीट सापडलं! त्यांची दाढ दुखायची तेव्हाची, एकोणनव्वद सालची फिल्म. देवीनेच हातात दिली. पुठ्ठ्याच्या कोपऱ्याला कुंकू लावलं आणि चिकटवली. फिल्मच्या एका कोपऱ्यात मोहरीएवढा उंचवटा असतो, पुसताना फडक्याला अडकतो. तो मागे टाकला, मग पुढची बाजू ह्यांच्या नेसायच्या इस्त्रीच्या वेष्टीसारखी गुळगुळीत दिसू लागली. मग ह्यांची लावली, मग माझी. तीन झाल्या, मानाच्या म्हणून वेगळ्या खणात ठेवल्या. किती छान दिसतात!

गुरुवार, १७ फेब्रुवारी

डॉक्टरांनी चांगलंच झापलं. तो मोहरीएवढा उंचवटा म्हणजे चूक नव्हे, खूण आहे. तो नेहमी आपल्याकडे हवा. मागे गेला की फिल्म आरशातल्यासारखी होते, उजव्याचं डावं. "मी भलत्याच बाजूची दाढ उपटली असती, अम्मा! पेशंटने मला चावलं असतं!"

काल-परवाची अकरा कार्डं उकलून पुन्हा लावली. गोंद वाया गेला, पुठ्ठे मात्र सगळे वाचवले. आता एकही पेशंट उलटा नाही.

शनिवार, १२ मार्च

दुसरा शनिवार, म्हणजे सरस्वती अक्का पापनाशमला गेल्या. अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई, एकोजी भाऊजींच्या पत्नी. चार वर्षं झाली, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी त्या मावशीकडे जातात. वाटेत मारुतीला दिवा लावतात. ऐंशी वर्षांच्या मावशीची एवढी सेवा कोण करतं हल्ली? नवऱ्याचा पत्ता नाही, तरी माउली दुसऱ्याचं करत राहते.

आत्याबाईंनी आदल्या दिवशी माझ्याकडून कडबोळी करून घेतली. "कडक कर," म्हणाल्या, "तोंडात कुडुम् वाजली पाहिजेत." दात नसलेल्या म्हातारीला कडक कडबोळी कशाला? असो, कॉफीत बुडवून खात असेल. ह्यांनी आपले दोन जुने शर्ट दिले, मावशीच्या गोधडीला. चार वर्षांत किती शर्ट दिले! गोधडी तंजावरच्या मोठ्या देवळाएवढी झाली असेल.

कडबोळी एव्हरसिल्व्हरच्या, म्हणजे स्टीलच्या, उभ्या डब्यात भरली, तेव्हा आत्याबाईंनी डबा नेहमीसारखा चाचपला. "शांभवी, हा डबा कुठून आला गं?"

"बाजारातून, आत्याबाई."

"हं. बाजारातून." दर महिन्याला विचारतात. वय झालं.

अक्का संध्याकाळच्या आत परत आल्या, केसांत मोगऱ्याचा गजरा. मावशी अजून हौशी आहे म्हणायची.

रविवार, ३ एप्रिल

मला आता माणसं दिसत नाहीत, दात दिसतात. गुरुजी मंत्रपुष्पांजली म्हणत होते आणि मी मोजत होते. खालची चौथी नाही. भाजीवाल्याच्या वरच्या दोन एकमेकींवर चढलेल्या, बसमधल्या बायकांसारख्या. डॉक्टर सांगतात, दोन माणसांचे दात कधीही सारखे नसतात, मुळं तर मुळीच नाहीत. मी म्हटलं, मग देवाने प्रत्येकाला आतून सही करून पाठवलंय की! डॉक्टर इतके हसले की पेशंटसुद्धा तोंड उघडं ठेवून हसायला लागला.

मंगळवार, १० मे

आधी हेच लिहिते, चूल नंतर.

तिरुवैयारुजवळ कावेरी आटली आहे. लॉरीवाले वाळू काढत होते, तिथे माणसाची हाडं सापडली. कवटी, जबडा, हातापायाची काही. शेजारी वाळूत एक तांब्याचा चंबू. चंबूवर ठिपक्या ठिपक्यांनी नाव कोरलेलं, पण अक्षरं तिथल्या कुणालाच वाचता येईनात. कुणीतरी म्हणालं, राजवाड्याजवळच्या मराठी लोकांची अक्षरं आहेत. म्हणून इन्स्पेक्टर चंबू घेऊन आमच्या गल्लीत आले, आणि गल्लीने त्यांना माझ्याकडे पाठवलं.

मी चंबू हातात घेतला आणि वाचलं, "अंबुजाबाई, तंजावर."

आत्याबाईंचं नाव. त्यांच्या लग्नातला चंबू.

हे कसं सांगावं? नव्वद सालच्या पोंगलला हा चंबू घरातून नाहीसा झाला होता. आत्याबाईंनी एकोजी भाऊजींवर आळ घेतला, कारण त्यांनी एकदा मृदंगाला नवं कातडं चढवायला आईची बांगडी गहाण टाकली होती. भाऊजी ओसरीवर उभे राहून म्हणाले, "चंबू मी नेला नाही. तोच चंबू परत येईल तेव्हा त्यातून या घरचं पाणी पिईन. तोवर नाही." आणि मृदंग खांद्याला लावून निघून गेले. ते अजून गेलेलेच.

आता सगळे म्हणतात: चंबू त्यांनीच नेला होता, आणि ही हाडं त्यांचीच.

मी रडत अक्कांकडे बघितलं. त्या वाटाणे सोलत होत्या. म्हणाल्या, "शांभवी, डोळे पूस. वाटाण्यांत पडतंय." धक्क्याने माणूस असं होतं म्हणतात.

बुधवार, ११ मे

देवाला माहीत आहे, आता या वहीलाही कळू दे. चंबू भाऊजींनी नेला नव्हता. मी नेला.

त्या भोगीला, पोंगलच्या आदल्या दिवशी, सगळी गल्ली जुनं-पानं बाहेर टाकत होती. टाकायचं कशाला, म्हणून मी अडगळीतली फुटकी भांडी गोणीत भरून मोडीच्या बदल्यात एव्हरसिल्व्हर देणाऱ्याला दिली. गोणीच्या तळाशी चंबू होता. तो थोडा गळायचा, मला वाटलं तोही मोडीतलाच. त्या गोणीच्या बदल्यात आला तो उभा डबा. कडबोळ्यांचा.

दोन दिवसांनी भांडण पेटलं तेव्हा मला कळलं. बोलायला तोंड उघडलं, आणि भाऊजी तोवर ओसरीच्या पायऱ्या उतरले होते. नंतर रोज वाटायचं, उद्या सांगू. चार वर्षं उद्या, उद्या.

म्हणजे मला एकटीला माहीत आहे की चंबू त्यांच्याजवळ नव्हता. मग हाडं त्यांचीच कशावरून? पण हे सांगायचं तर डब्याचं सांगायला हवं. आणि नाही सांगितलं तर अक्कांच्या कपाळाचं कुंकू जाईल.

मारियम्मा, एक वाट दाखव.

गुरुवार, १२ मे

वाट दाखवली! देवी कधी उशीर करत नाही.

मेडिकल कॉलेजातले प्रोफेसर सीतारामराव हाडं तपासतात. ते आपल्यातलेच, मराठी बोलतात. त्यांनी इन्स्पेक्टरकरवी विचारलं, बेपत्ता माणसाच्या दातांची जुनी फिल्म कुठे आहे का? मी उडीच मारली. आहे! पहिल्या दिवशी कुंकू लावून लावलेली!

कार्ड घेऊन हे आणि मी टीव्हीएस मोपेडवरून गेलो. प्रोफेसरांनी समजावून सांगितलं: चेहरा जातो, कपडे जातात, दात राहतात. जुनी फिल्म आणि जबड्याची नवी फिल्म शेजारी ठेवायची, त्याच कोनातून काढलेली. कुठली दाढ नाही, कुठली भरलेली, मुळं कशी वळलेली, सगळं ताडायचं.

मनातून मी अगदी हलकी झाले. भाऊजी नाहीत हे फिल्मच सांगेल. मला काही बोलावंच लागणार नाही.

शनिवार, १४ मे

काय म्हणावं! घरावर एवढं सावट, आणि अक्का पापनाशमला गेल्या. दुसरा शनिवार चुकवायचा नाही म्हणे. आत्याबाई अडवतील असं वाटलं, तर त्या म्हणाल्या, "कडबोळी घेतलीस का? जरा जास्त ने. आज मावशीला भूक लागेल."

ह्यांनी शर्ट दिला तो तर नवा कोरा. "अहो, गोधडीला नवा शर्ट?" तर पेपर तोंडापुढे धरून बसले. भावाच्या काळजीने यांचंही डोकं ठिकाणावर नाही.

सोमवार, १६ मे

जुळलं.

प्रोफेसरांनी जबडा हातात धरून दाखवला: खाली उजवीकडची मोठी दाढ नाही, जागा जुनी भरून आलेली, मागची दाढ पुढे झुकलेली. मग आमचं कार्ड उजेडाच्या पेटीवर ठेवलं: खाली उजवीकडची मोठी दाढ नाही, मागची पुढे झुकलेली. म्हणाले, "बाई, प्रथमदर्शनी जुळतं. पण मोठी दाढ अर्ध्या तंजावरची पडलेली असते. जबड्याच्या फिल्म्स काढून मुळं ताडल्याशिवाय मी सही करणार नाही. दोन दिवस द्या."

घरी गुरुजी येऊन बसले होते. दहाव्याचं, बाराव्याचं सामान सांगू लागले. शेजारच्या बायका अक्कांच्या हातांतल्या बांगड्यांकडे बघत होत्या.

अक्का उठल्या. आवाज अगदी शांत, वाटाणे सोलताना होता तसा. "गुरुजी, सहीनंतर या. सहीशिवाय या हातातली एक काच उतरणार नाही."

"अगं, पण चंबू..." गुरुजी म्हणाले.

"चंबूला कुठे दात आहेत?"

गुरुजी पंचा झटकत उठले. आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या. दिसत नाही म्हणतात, पण बघत होत्या.

मला कळेना, चंबू जर मी विकला तर दाढ कशी जुळते? फिल्म खोटं बोलते, की मी?

मंगळवार, १७ मे

आज जे झालं ते लिहिताना मला हसू येतंय, रडू येतंय, दोन्ही एकदम.

सकाळी दारात कोलम काढत होते. पिठीचे ठिपके टाकता टाकता एक ठिपका बोटाला उंच लागला. मोहरीएवढा. बोट तिथेच राहिलं.

मोहरी. उंचवटा. पहिला दिवस!

डॉक्टर रागावले ते तिसऱ्या दिवसानंतर. मी पेशंटांची अकरा कार्डं उलटून लावली. घरची तीन पहिल्या दिवसाची, ती आमच्या मानाच्या खणात होती. त्यांना मी हातही लावला नव्हता!

पिठीच्या हातांनीच आत पळाले. हे ओसरीवर पेपर वाचत होते.

"अहो, तोंड उघडा."

"आत्ता? कॉफी तरी..."

"उघडा म्हणते ना!"

सकाळच्या उन्हात त्यांची हनुवटी धरून बघितलं. हे बिथरल्या बैलासारखे डोळे फिरवत होते, समोरून दूधवाला बघत होता. खाली डावीकडे चांदी भरलेली दाढ. धावत दवाखान्यात गेले, ह्यांचं कार्ड काढलं. त्यावर माझ्याच अक्षरात: खाली उजवी. माझं बघितलं, तेही उलटं. म्हणजे भाऊजींचंही!

डॉक्टर म्हणाले, "अम्मा, थांबा, मी फोन करतो." थांबते कुठली! ह्यांना तशाच लुंगीवर टीव्हीएसवर बसवलं. गांधीजी रोडवरून आम्ही असे गेलो की एका म्हशीनेसुद्धा वाट दिली.

प्रोफेसरांना एका दमात सांगितलं. त्यांनी लगेच पेटीवरून कार्ड उचललं. ब्लेडने पुठ्ठा उकलला, फिल्म बाहेर काढली, अंगठ्याच्या नखाने कोपरा चाचपला. मग हळूच उलटली. उजव्याची डावी झाली.

"बाई, तुम्ही मला केवढ्या चुकीपासून वाचवलंत, तुम्हाला माहीत आहे?"

"चूक माझीच होती, सार्."

"केलीत तुम्ही, आणि पकडलीतही तुम्ही. बहुतेक लोक पहिलंच काम करतात."

मग त्या जबड्याच्या डाव्या बाजूची फिल्म पेटीवर ठेवली. तिथे मोठी दाढ होती! अख्खी, दोन सरळ मुळांवर उभी, ड्युटीवरच्या शिपायासारखी. भाऊजींच्या फिल्ममध्ये तीच दाढ नाही, आणि मागच्या दाढेचं मूळ आकड्यासारखं वळलेलं.

प्रोफेसर म्हणाले, "माणूस हयात असताना असलेली दाढ पडू शकते, कोरी दाढ भरता येते. पण उपटलेली दाढ परत येत नाही, आणि वळलेलं मूळ सरळ होत नाही. हे एकोजीराव नव्हेत." आणि सही केली. माझ्यासमोर!

मी तिथेच त्या पेटीला नमस्कार केला. कॉलेजातल्या मुली हसल्या, हसोत.

मग त्या जबड्याकडे लक्ष गेलं. कागदावर एकटाच ठेवलेला. हाही कुणाचा तरी भाऊजी असेल. कुणीतरी याची फिल्म, याचं पाकीट, याची वाट राखून बसलं असेल, किंवा कुणीच नसेल. घरी आल्यावर त्याच्या नावाने, नाव नाही तर नुसताच, एक दिवा लावला.

अक्कांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला उचलून गर्रकन फिरवलं. पन्नाशीची बाई! चंबूचं आता कुणी विचारणार नाही. देवीने सगळं राखलं, माझं गुपितसुद्धा.

बुधवार, १८ मे

राखलं नाही.

दुपारी इन्स्पेक्टर चंबू घेऊन आले. ओसरीवर बसून ताक प्यायले आणि म्हणाले, "मेलेला माणूस तुमचा नाही. बरं झालं. पण चंबू तुमचा आहे, आणि तो एकोजीराव घेऊन गेले असं तुम्हीच सांगता. मग मेलेल्याच्या शेजारी चंबू, आणि चंबूचा माणूस चार वर्षं फरार. मला आता त्यांना शोधावं लागेल. साक्षीदार म्हणून नव्हे, अम्मा."

अक्कांच्या हातातलं ताकाचं भांडं खाली पडलं. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना घाबरलेलं बघितलं. मेल्याच्या बातमीने नाही घाबरल्या, आणि याने...

मी उठले. स्वयंपाकघरात गेले. फळीवरून उभा डबा काढला आणि इन्स्पेक्टरच्या पुढ्यात ठेवला. मनात मारियम्मन, मारियम्मन.

"सार्, चंबू एकोजी भाऊजींनी नेला नाही. भोगीला मी मोडीत दिला. त्याच्या बदल्यात हा डबा आला. तिथून चंबू कुणाच्या घरी गेला, कुणाच्या हातातून नदीत पडला, देव जाणे. चार वर्षं मी बोलले नाही. आळ त्यांच्यावर आला तो माझ्यामुळे."

इन्स्पेक्टरनी वहीत लिहून घेतलं. डबा कुठल्या दुकानाचा, ते विचारलं. मग टोपी घातली. "हे गेल्या आठवड्यातच सांगितलं असतं तर माझं पेट्रोल वाचलं असतं, अम्मा." आणि गेले. चंबू ओसरीवर ठेवून गेले.

मी आत्याबाईंच्या पाया पडले. उठायची हिंमत होईना. डोक्यावर हात आला.

"चार वर्षं विचारतेय मी," त्या म्हणाल्या, "हा डबा कुठून आला म्हणून. मला दिसत नाही, शांभवी, पण भोगीला गोणी गेली आणि डबा आला, एवढं मोजता येतं."

"मग बोलला का नाही, आत्याबाई?"

"मी भरल्या ओसरीवर पोटच्या पोरावर आळ घेतला. तो खोटा, हे माझ्या तोंडून कसं निघणार? तू म्हणशील म्हणून वाट बघत होते. दोघीही हट्टी. माझे दात गेले, पण ताठा नाही गेला." मग अक्कांकडे तोंड करून म्हणाल्या, "सरस्वती, उद्याची गाडी धर. जा, पापनाशमच्या मावशीला घेऊन ये. म्हणावं, चंबू आलाय. मीही बोलावतेय."

अशा वेळी यांना मावशीची आठवण! पण मी म्हटलं, म्हातारीला म्हातारीचा आधार वाटत असेल.

शुक्रवार, २० मे

चमत्कार! चमत्कार! पुढून हिशेब आज लिहिणार नाही, शाई सगळी इथेच जाणार!

अक्का काल मावशीला आणायला गेल्या आणि आज एकोजी भाऊजींना घेऊन आल्या!!

मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. आधी अक्का उतरल्या, मग मृदंग, मग दाढीवाला माणूस. मी ओळखलं नाही. दाढी पांढरी, अंगाने भरलेले. घर सोडून रानोमाळ फिरलेला माणूस वाळतो, भाऊजी तर चांगले जाड झालेत. देवी कुणाला कुठे जेवू घालेल सांगता येत नाही.

ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आत येईनात. आत्याबाई काठी टेकत पुढे गेल्या. परवाच तांबटाकडून तळ बुजवून, चिंचेने घासून घेतलेला चंबू त्यांच्या हातात होता, पाण्याने भरलेला.

"एकोजी," त्या म्हणाल्या, "मी चुकले. पी."

सगळी गल्ली जमली होती. भाऊजींनी चंबू घेतला, मान मागे टाकली, आणि आपल्याकडे पितात तसं ओठ न लावता वरून पाणी सोडलं. तोंड उघडं, ऊन सरळ आत. मी पुढे सरकले आणि वाकून बघितलं. लाज गेली उडत!

खाली डावीकडे मोठी दाढ नाही. मागची पुढे झुकलेली.

"डावी!" मी ओरडले. "डावीच आहे! तेच आहेत!"

भाऊजींना ठसका लागला. अर्धा चंबू अंगावर. आधी अक्का हसल्या, मग आत्याबाई बिनदाताच्या हसल्या, मग सगळी गल्ली.

मी त्यांच्या पाया पडून सगळं सांगितलं, डब्याचं. ते म्हणाले, "उठ गं. कडबोळी चांगली झाली होती." कधीची कडबोळी, कोण जाणे! इतक्या वर्षांनंतरही माझ्या हातची चव लक्षात ठेवली, केवढं मोठं मन!

अंगात ह्यांचाच शर्ट होता की काय असं वाटलं, चौदा तारखेला दिला तसाच. पण निळ्या रेघांचे शर्ट शंभर मिळतात. आणखी एक: झुकलेल्या दाढेत पांढरं सिमेंट भरलेलं दिसलं, अगदी ताजं. एकोणनव्वदच्या फिल्ममध्ये ती किडकी होती. मी म्हटलं, "भाऊजी, एवढ्या वनवासात दाढ कुठे भरून घेतलीत?"

अक्काच पटकन म्हणाल्या, "पापनाशमला चांगला डॉक्टर आहे." मग जीभ चावली. अक्कांना सगळ्या गावची माहिती असते.

दुपारी दवाखान्यात जाऊन भाऊजींचं कार्ड नव्याने केलं. उंचवटा माझ्याकडे, दोनदा चाचपून. लिहिलं: एकोजी, खाली डावी बाजू. कोपऱ्यात पुन्हा कुंकू. जुना पुठ्ठा टाकला नाही, पाठीमागे तारीख लिहायला होईल.

जेवताना आठवलं, या सगळ्या आनंदात मावशीला आणायचं राहूनच गेलं! बिचारी एकटी, तिची कडबोळी कोण देणार? मी म्हटलं, "अक्का, पुढच्या दुसऱ्या शनिवारी तुम्ही घरी राहा, भाऊजी आलेत. मावशीकडे मीच जाते डबा घेऊन."

आणि पानावर बसलेल्या सगळ्यांना एकदम ठसका लागला.